यज्ञाचं लाकूड

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी धाकट्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी "पाहू, सावकाश सांगते" म्हणून टाळला. तुमच्या शाळेत बाईंनी वर्गाचे दोन भाग केले. पृथ्वी देवाने केली असं ज्यांना वाटतं ते खिडकीकडे, आपोआप झाली असं वाटतं ते फळ्याकडे. हा मधेच उभा राहिला आणि सगळे हसले. "आजी, तू कुठे उभी राहिली असतीस?" एवढंच त्याला हवं होतं.

उत्तर एका वाक्याचं नाही, म्हणून लिहून पाठवते. आत्ताच लिहिण्याचं दुसरं कारण असं, की जे सांगायचं आहे ते पाहिलेलं माणूस माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही. माझा भाऊ मागच्या पावसाळ्यात गेला, आणि त्यालाही ते आठवत नव्हतं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. मी अकराची होते. विसाच्या दशकाची शेवटची वर्षं होती.

आमचं घर रत्नागिरीत, सड्याच्या खालच्या उतारावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. जांभा मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा असतो. पावसाळाभर पाणी कोसळतं आणि सगळं त्या भोकांतून खाली निघून जातं. वैशाखात उतारावरच्या माणसांना प्यायला पाणी नसतं. घरात आम्ही पाच जणं होतो. माझे आजोबा, वडील, आई, मी आणि धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते इंग्रजी शाळेत शास्त्र आणि भूगोल शिकवायचे. आजोबा देवळात पुराण सांगायचे. अण्णा त्यांना अप्पा म्हणायचे.

परशुरामाची गोष्ट मी चालायला लागण्याआधी ऐकली असेन. त्याने सगळी पृथ्वी जिंकली आणि दान करून टाकली. दिलेल्या जमिनीवर स्वतः राहायचं कसं? म्हणून त्याने सह्याद्रीवरून बाण सोडला आणि समुद्राला मागे सरायला सांगितलं. समुद्र सरला, ती ही आपली कोकणची पट्टी. आजोबा ही गोष्ट सांगताना बाणाच्या जागी हात असा लांबवायचे की आम्ही पोरं समुद्राकडे वळून बघायचो. अण्णा ती वर्गात सांगायचे ती वेगळ्या तऱ्हेने. "समुद्र हटला याबद्दल पुराण आणि भूगर्भशास्त्र यांचं एकमत आहे," ते म्हणायचे, "भांडण आहे ते फक्त बाणाबद्दल." मुलं हसायची. अण्णांना ते वाक्य फार आवडायचं.

आजोबा रोज सकाळी पूजेआधी हातात पाणी घेऊन संकल्प सोडायचे. त्यात कोणता कल्प, कोणतं मन्वंतर, कितवं युग, पृथ्वीवरचा कोणता प्रदेश, हे सगळं म्हणायचं असतं. अण्णांनी मला सांगितलं होतं, "पत्ता सांगतात ते. काळात आणि जागेत आपण कुठे बसलोय त्याचा." पृथ्वीचं वय कोट्यवधी वर्षांचं आहे असं आता विलायतेतले पंडित म्हणतात, हे अण्णांनी एकदा आजोबांना सांगितलं. आजोबांचा कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, चारशे बत्तीस कोटी वर्षांचा, त्याहून मोठा होता. ते म्हणाले, "चला, पोरं पाढे शिकायला लागली."

मी मिशनच्या मुलींच्या शाळेत जात होते. तिथल्या गोऱ्या बाई आम्हाला बायबलातली सृष्टीची गोष्ट सांगत, सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. मी अण्णांची मुलगी, मी विचारलं, सहा दिवसांत दगड कसे झाले? बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, देवाचा दिवस आपल्या दिवसाएवढाच असतो असं कुठे लिहिलं आहे? मी घरी येऊन हे सांगितल्यावर आजोबा खूश झाले. "बाई आपल्यातलीच निघाली की! ब्रह्मदेवाचा दिवससुद्धा असाच." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर फणस देऊन तो बाईंकडे पोचवायला लावला. त्या दिवसांत आमच्या घरी कोणत्याच गोष्टीचं कोणत्याच गोष्टीशी वाकडं नव्हतं. थोडं ओढलं, थोडं ताणलं की सगळं एकमेकांत बसायचं. मला वाटायचं शहाणपण म्हणतात ते हेच.

आता विहिरीचं सांगते.

आईची त्याआधी दोन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली होती. दोन्ही वेळा वैद्य एकच म्हणाले, पाण्याच्या खेपा. खालची सार्वजनिक विहीर पाखाडी उतरून गेल्यावर होती. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची गल्ली, आणि भरलेला हंडा घेऊन ती चढायची. आईला पुन्हा दिवस राहिले तेव्हा अण्णांनी ठरवलं की तिचा सातवा महिना लागायच्या आत घराच्या आवारात विहीर झाली पाहिजे. भात झोडून झाल्यावर पालीकडच्या एका गावातली चार माणसं आली. शेतकरी होती, उन्हाळ्यात जांभा फोडायची कामं करायची.

त्यांनी जांभा फोडला, त्याखालची पांढरट माती काढली, आणि फाल्गुनात एका सकाळी टोपलीतून काळं लाकूड वर आलं. जांभ्याच्या खाली, दोन पुरुषांहून किती तरी खोल. निळसर चिकणमातीत रुतलेलं, कोळशासारखं काळं, पण लाकडाच्या रेषा स्पष्ट. एका तुकड्याला साल होती.

माणसं वर आली ती सगळीच वर आली. त्यांचा म्होरक्या एक वयस्क माणूस होता. तो अण्णांना म्हणाला, "मास्तर, खाली कोणाचं तरी सरण हाय."

अण्णा उजळले. मला अजून त्यांचा चेहरा दिसतो. वर्गात प्रयोग साधल्यावर व्हायचा तसा. त्यांनी तुकडा हातात घेऊन समजावलं की इथे फार पूर्वी रान होतं, झाडं चिखलात गाडली गेली, वर माती साचली, तिचा दगड झाला. हे लाकूड जळलेलं नाही, दाबाने काळं पडलेलं आहे. दगडी कोळशाचा धाकटा भाऊ.

"जळलं नाय तं काळं कशान?" म्होरक्या म्हणाला. "आमी रोज चुलीत लाकडं घालतो मास्तर. काळं कशान होतं ता आमाला ठावं हाय."

"अहो, पण दगडाखाली चिता कोण रचेल?"

"ताच तं आमी म्हणतो. दगड नवता तवाची हाय. तवा कोण होतं इथं?" आणि मागच्याने भर घातली, "मेल्या माणसाच्या राखंत पाय घालून पाणी काढायचं, आनि ता पाणी बाईमाणसाला पाजायचं? पोटुशी हाय ना घरात?"

ते दुपारी निघून गेले. विहीर उघडी पडून राहिली. आई पुन्हा हंडा घेऊन पाखाडी उतरायला लागली. मी तिच्या मागे कळशी घेऊन जायची. ती वाटेत थांबून भिंतीला पाठ टेकायची, आणि मी काही विचारलं तर म्हणायची, "चल गो, ऊन वाढतंय."

त्या दिवसांत आजोबा काळ्या लाकडाचा एक तुकडा जवळ घेऊन पडवीत बसायचे. वास घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे. एका संध्याकाळी अण्णा शाळेतून आले तेव्हा ते म्हणाले, "हे सरण नव्हे. या समिधा आहेत. नव्या भूमीवर भार्गवरामाने यज्ञ केला होता, त्यातल्या."

अण्णा चपला काढता काढता थांबले. "अप्पा, ते झाड आहे. साल आहे त्याला."

"समिधांना साल असत नाही होय?"

"मी सांगतो ते लाखो वर्षांपूर्वीचं आहे."

"मी काय परवाचं म्हणतोय? तू म्हणतोस समुद्राआधी इथे रान होतं. मी म्हणतो समुद्र हटल्यावर यज्ञ झाला. लाकूड जुनं आहे, जमिनीच्या जन्माइतकं, हे तर दोघांचं खरं ना?"

अण्णांनी दुसरी चप्पल काढून ठेवली. आजोबा म्हणाले, "आता एवढंच सांग. माणसं खाली उतरायला हवीत की तुझं उत्तर बरोबर यायला हवं?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "सरण म्हणा नाही तर समिधा म्हणा. मला पाणी हवंय."

पुढच्या रविवारी अण्णा स्वतः पालीकडे गेले. त्यांनी तिथे काय सांगितलं हे मला माहीत आहे, कारण परत आल्यावर तेच त्यांनी आमच्या आळीलाही सांगितलं. मास्तरांनी शास्त्राप्रमाणे लाकूड तपासलं, ते यज्ञातलं आहे. आजोबांनी सांगितलं असतं तर लोकांनी नुसत्या माना डोलावल्या असत्या. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने सांगितल्यावर शंका उरली नाही. खणणारे आले, नारळ फोडला, आणि चैत्र संपण्याआधी विहिरीला पाणी लागलं.

पाण्याला लोखंडाची चव होती. आजोबांनी ते डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, तीर्थ.

इथे मला आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. अण्णा प्यायचं पाणी नेहमी उकळून, दुहेरी धोतरातून गाळून घ्यायला लावत. जंतू डोळ्याला दिसत नाहीत, हे ते शाळेत शिकवायचे आणि घरी पाळायचे. आईला ते पाणी आवडायचं नाही. "उकळलेल्या पाण्याला जीव नसतो," ती म्हणायची, पण तपेलं रोज चुलीवर चढवायची. विहिरीला पाणी लागल्यावर पहिल्याच सकाळी तिने तपेलं भरलं, आणि आजोबांनी ते उतरवायला लावलं. "सूनबाई, तीर्थ कोणी उकळतं का?"

अण्णा म्हणाले, "अप्पा, पाणी ते पाणी."

"सगळ्या आळीसमोर यज्ञाचं म्हणालास ना? मग आता तुझ्याच घरात ते चुलीवर ठेवणार?"

तोड निघाली. स्वयंपाकाला उकळायचं, प्यायला तसंच. आजोबा रोज पूजा झाली की फुलपात्रात तीर्थ घेऊन स्वतः आईला द्यायचे. सासऱ्याने सुनेला आपल्या हाताने पाणी द्यावं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आई ते घटाघटा प्यायची. तिची प्रकृती खरोखर सुधारली होती. खेपा थांबल्या होत्या, त्यामुळेच असणार. पण आजोबांना कारण वेगळं दिसायचं, आणि अण्णा ते खोडून काढायचे नाहीत.

अक्षय्य तृतीयेला, परशुराम जयंतीच्या निमित्ताने, खालच्या आळीतून, बाजारातून, बंदराकडून माणसं आली. आपापले पोहरे, आपापले दोर. विहिरीच्या काठावर लोक पाय धुवायचे, लहान मुलांना तिथेच आंघोळी घालायचे. ते सगळं पाणी जांभ्यात जिरायचं. जांभा चाळणी आहे हे अण्णांनी फळ्यावर चित्र काढून कितीतरी मुलांना शिकवलं होतं. खणणारा म्होरक्याही आला होता. त्याला काठावर चढू दिलं नाही, ओंजळीत वरून पाणी घातलं. "आत उतरलो तवा चाललो," तो कोणाला तरी म्हणाला, "आता वरून वाढा." कोणी हसलंसुद्धा.

वैशाखाच्या शेवटी पटकी आली. तुम्ही तिला कॉलरा म्हणाल. पहिली माणसं बंदराजवळ गेली. मग आमच्या खालच्या आळीत एक म्हातारी आणि तिचा नातू. लोक घाबरले आणि तीर्थाला आणखी गर्दी झाली. अण्णांनी घरात सगळं पाणी उकळायचं फर्मान काढलं, आणि ते पाळलं गेलं, एका फुलपात्राखेरीज. ते पूजेतलं होतं. त्याला पाणी म्हणायचं आमच्यात कोणाच्या मनातच आलं नाही. अण्णांच्या मनात आलं असेल का, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही.

आई एका पहाटे उठली ती बसूच शकली नाही. पटकीचं वर्णन मी करणार नाही. अण्णांनी डॉक्टरला निरोप पाठवला. डॉक्टर त्या दिवशी सगळीकडेच हवे होते.

त्याच सकाळी नगरपालिकेचा माणूस औषधाची पूड घेऊन पाखाडी चढून आला. सगळ्या विहिरींत टाकत निघाला होता. आजोबा विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. बघता बघता आळीतली माणसं जमली. कोणाच्या हातात रिकामे हंडे होते.

"आजोबा, सरका," तो माणूस म्हणाला. "वीस ठिकाणं राहिलीत माझी."

"हे तीर्थ आहे. गंगेत टाकाल का पूड?"

"गंगा माझ्या हद्दीत येत नाही."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आम्ही महिनाभर हेच पितोय. काही झालं का आम्हाला? बाटवू नका हो." दोघं-तिघं पुढे सरकले. त्या माणसाने बादली खाली ठेवली.

अण्णा घरातून बाहेर आले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ते म्हणाले, "टाका."

"तू आत जा," आजोबा म्हणाले. "तिच्याजवळ बस."

"अप्पा, उठा. ते यज्ञाचं लाकूड नव्हतं. माणसं उतरावीत म्हणून म्हटलं आपण. तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही."

 मी आजोबांच्या अगदी जवळ उभी होते. त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकूच गेला नसेल. "मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं होतं. तू शास्त्र शिकलेला. तूही हो म्हणालास."

मग ते कठड्यावरून उतरले. त्यांना उतरता येईना, मी हात दिला. पूड पाण्यात गेली आणि पाणी जांभळट झालं. काकूंनी हंडा काखेत घेतला आणि जाता जाता अण्णांना म्हणाल्या, "मास्तर, मग आम्हाला काय म्हणून पाजलंत?"  अण्णा आत गेले.

आई शुद्धीत होती. अण्णा चमच्याने उकळून निववलेलं पाणी तिच्या तोंडात घालत होते. तिने एकदा तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "उकळलेलं ना? जीव नाही त्याला." तिचं शेवटचं समजेल असं बोलणं तेच. दिवेलागणीच्या आत ती गेली, आणि पोटातलं मूलही.

त्या पाण्यानेच हे झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा पाणी तपासायला कोणी आलं नाही, आणि पटकी त्या वर्षी इतर घरांतही शिरली होती. पण आमच्या घरात उकळल्याशिवाय पोटात जाणारं पाणी एकच होतं, आणि आजोबा ते स्वतः थेंबभर घेऊन उरलेलं सगळं आईला देत.

दिवसकार्याला भटजींनी संकल्प सांगितला. तोच कल्प, तेच मन्वंतर, तीच परशुरामाची भूमी. अण्णांनी प्रत्येक शब्द स्पष्ट म्हटला. मी ऐकत होते की ते कुठे अडखळतात का. अडखळले नाहीत. पाणी सोडल्यावर मात्र त्यांचा हात तसाच पुढे राहिला, आणि भटजींना तो धरून खाली करावा लागला.

त्यानंतर घरात कोणी काही जोडून दाखवलं नाही. आजोबांनी देवळातलं पुराण सोडलं आणि परशुरामाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही, माझ्या भावालासुद्धा नाही. अण्णा वर्गात जांभा शिकवायचे तेव्हा नुसता जांभा शिकवायचे. एखाद्या मुलाने बाणाचं विचारलं तर म्हणायचे, "ते घरी आजोबांना विचार." खणलेल्या विहिरीवर त्यांनी दगडी फरशी घातली. पाणी मी भरायला लागले, पाखाडीवरून.

तिसाच्या दशकात, मी मॅट्रिक झाले त्या वर्षी, आजोबा अंथरुणाला खिळले. ते आईमागे जितकी वर्षं जगले तितकी वर्षं त्यांनी उकळल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही. देवाच्या पूजेचं पाणीही ते उकळून निववून घ्यायचे. लोक त्यांना हसायचे. शेवटच्या दिवशी अण्णांनी देवघरातला काशीहून आलेला गंगेचा गडू आणला, झाकणाचा डाक तोडला, आणि तुळशीपत्रावर थेंब घेऊन त्यांच्या ओठांशी नेला. आजोबांनी ओठ मिटून घेतले. मग डोळे उघडून अण्णांना विचारलं, "उकळलंस?"

"हो, अप्पा," अण्णा म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं. अण्णांनी ते उकळलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, गडू माझ्या डोळ्यांसमोर उघडला होता. दुसऱ्यांदा अण्णा खोटं बोलले ते हे, आणि या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

बाळांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात असेल तर घ्या. मी आयुष्यभर पूजा केली आणि आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला. परशुरामाची गोष्ट मला आवडते, आणि जांभ्याखाली रान होतं हे मला ठाऊक आहे. तुमच्या बाईंच्या वर्गात मी धाकट्यासारखीच मधे उभी राहिले असते. पण मधली जागा सगळ्यात सोयीची असते, आणि सोय कोणाची, किंमत कोणाला, हे बघून तिथे उभं राहायचं असतं. आमच्या घरात ते आधी कोणी बघितलं नाही.

घर आता चुलतभावाच्या मुलांकडे आहे. विहीर आहे. फरशी आहे, तिच्या फटीत दर पावसाळ्यात नेचे उगवतात. खाली पाणी आहे, दगड टाकला की आवाज येतो. काळ्या लाकडाचा आजोबांच्या हातातला तुकडा माझ्याकडे डब्यात आहे. वाळून त्याला भेगा पडल्या आहेत आणि कडा भुगा होऊन गळतात, पण एका बाजूची साल अजून शाबूत आहे.